वाचकांचे प्रश्न : खिचडीचा टोप, आईची एकादशी आणि बाबांचं श्राद्ध

या खेपेला ठाणे आणि नवी मुंबईतून आलेली पत्रं जास्त आहेत. देवधर्म, घर आणि दुसऱ्याला हात देणं या तिन्हींची गाठ जिथे पडते, तिथलेच बहुतेक प्रश्न. उत्तरं अन्न, आरोग्य आणि धर्मादाय कामांत रोज वावरणाऱ्या मंडळींनी मिळून दिली आहेत. विचारणाऱ्यांची नावं छापलेली नाहीत.

प्रश्न (नेरूळ) : आमच्या सोसायटीतली चौदा घरं मिळून, खारघरला टाटा हॉस्पिटलच्या केंद्रात उपचारासाठी आलेल्या पेशंटच्या नातेवाइकांना महिन्यातून दोन गुरुवारी दुपारचं जेवण देणार आहोत. माणसं साधारण १००. पहिल्या खेपेला मुगाची खिचडी नेली, पण वाटायला घेतली तर आंबूस वास. तशीच परत आणली. चुकलं काय आणि साहित्याचं प्रमाण किती घ्यावं?

उत्तर : परत आणलीत हे उत्तम केलंत. पुन्हा उकळून वाटली असती तर पंचाईत झाली असती. तांदळावर बॅसिलस सेरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असतात आणि ते शिजवूनही मरत नाहीत. अन्न ६० अंश सेल्सिअसच्या खाली उतरलं की ते जागे होतात, वाढतात आणि त्यातले काही असं विष सोडतात, जे नंतर कितीही उकळलं तरी जात नाही. मोठ्या टोपातली खिचडी वरून निवते, पण मधला गोळा चार-चार तास कोमट राहतो. सकाळी आठला शिजवून, झाकण लावून, गाडीत घालून साडेबाराला वाटली की नेमकं हेच होतं. तुमच्या पत्रात वेळा नाहीत, पण घोळ इथेच असणार.

म्हणून वेळ उलटी मोजायची. साडेबाराला पहिलं ताट वाढायचं असेल तर सायन-पनवेल महामार्गावरच्या कोंडीसकट पाऊण तास प्रवासाचा धरा. टोप पावणेबाराला गॅसवरून उतरला पाहिजे, म्हणजे आधण दहाच्या आत ठेवायला हवं. आदल्या रात्री भाज्या धुवून ठेवा, डाळ-तांदूळ निवडून ठेवा, बस. कांदा-टोमॅटोची फोडणी रात्री करून ठेवण्याचा मोह होतो, तो टाळा. अन्नात खुपसायचा थर्मामीटर काही शे रुपयांत मिळतो. वाटायला सुरुवात करताना टोपाच्या मध्यभागी ६० च्या वर आकडा दिसला पाहिजे. खाली उतरला असेल आणि उतरून किती वेळ झाला ते कुणालाच सांगता येत नसेल, तर तो टोप वाटू नये.

प्रमाण असं. पोटभर जेवण म्हणून माणशी १०० ग्रॅमच्या आसपास कोरडा शिधा लागतो. १०० जणांना ७ किलो तांदूळ, साडेतीन किलो मुगाची डाळ, ४० लिटर पाणी. गाजर, मटार, बटाटा, दुधी मिळून ५ किलो. तेल १ लिटर, वरून तूप ३०० ग्रॅम. जिरं १०० ग्रॅम, मोहरी ५०, हळद ४०, हिंग १५ ग्रॅम, आलं २०० ग्रॅम. मीठ आधी ४०० ग्रॅम घालून चव बघा आणि मग वाढवा. १०० जणांच्या खिचडीतलं जास्तीचं मीठ काढायचा उपाय नाही. हे सगळं मिळून ५५ लिटरच्या पुढे जातं, तेव्हा एकच अवाढव्य टोप घेण्यापेक्षा ४० लिटरचे दोन घ्या. ढवळायला हात पोचतो, उचलायला दोन माणसं पुरतात आणि एक बिघडला तरी दुसरा राहतो. घरच्या शेगडीवर हे होत नाही, केटररकडची भट्टी भाड्याने आणा.

मोठ्या मापात डाळ कच्ची आणि तांदळाचा लगदा असं होतं, कारण दोन्ही एकदम टाकलेले असतात. डाळ अर्धा तास भिजवा, उकळत्या पाण्यात आधी ती घाला, बोटाने दाबून अर्धवट मऊ लागली की मग तांदूळ. तळ लागल्याचा वास आला तर उलथनं घालून खरवडू नका, वरची खिचडी अलगद दुसऱ्या टोपात काढा. आणि पातळ असतानाच गॅस बंद करा. अर्ध्या तासात ती आपोआप आळते.

आता जेवण कुणाच्या तोंडी जाणार आहे ते पाहा. तुम्ही नातेवाइकांना दिलंत तरी त्यातला घास पेशंटच्या तोंडात जाणारच. केमोथेरपी चालू असलेल्या माणसाची प्रतिकारशक्ती खालावलेली असते, तोंडात फोड असतात. म्हणून हिरवी मिरची जवळजवळ नको. वरून कच्ची कोथिंबीर आणि ओलं खोबरं नको, कोशिंबीर नको, चिरलेली फळं नकोत, सुटं ताक नको. केळी द्यायची तर अख्खी, सालासकट. ‘पेशंटला देण्याआधी डॉक्टरांना विचारा’ हे वाढणाऱ्याने तोंडाने सांगावं. फलक कुणी वाचत नाही.

गुरुवारचंही बघा. दत्ताचा, साईंचा, स्वामींचा वार म्हणून त्या दिवशी देणारे बरेच असतात. तिथल्या समाजसेवा विभागात जाऊन कुठल्या दिवशी जेवण कमी पडतं ते विचारा आणि वाटपाला परवानगीही तिथूनच घ्या. मंगळवार निघाला तर मंगळवारी जा. वार तुमच्या सोयीचा असण्यापेक्षा भूक ज्या दिवशी आहे तो असलेला बरा.

भांड्यांचं म्हणाल तर थर्माकोल आणि एकदाच वापरायचं प्लॅस्टिक राज्यात २०१८ पासून बंद आहे. बाहेरगावाहून आलेल्या बहुतेकांकडे स्वतःचा डबा असतो, त्यातच वाढा. नसेल त्याला पत्रावळ. पातळ पिशवीत गरम खिचडी बांधून देणं तर नकोच. अन्न सुरक्षा कायद्यात नफा मिळवणारे आणि न मिळवणारे असा भेद नाही, म्हणून नियमित वाटप करणार असाल तर सोसायटीच्या किंवा गटाच्या नावाने नोंदणी करून घ्या. दर खेपेला वाटीभर खिचडी झाकणाच्या स्वच्छ डब्यात घालून, तारीख टाकून दोन दिवस फ्रिजमध्ये ठेवा. कुणाला त्रास झाला तर तपासायला काहीतरी हाताशी असतं. जुलाब चालू असलेला किंवा बोट कापलेला स्वयंसेवक त्या दिवशी फक्त गाडी चालवेल. आणि ताट हातात घेतलेल्या माणसाचा फोटो काढू नका. हिशेबाच्या ग्रुपवर टाकायला किराणाचं बिल पुरतं.

प्रश्न (कोपरी, ठाणे) : आई ७४ वर्षांची, मधुमेहाला अठरा वर्षं झाली. महिन्याच्या दोन्ही एकादश्या करते आणि त्या दिवशी गोळ्याही घेत नाही. म्हणते, गोळीने उपवास मोडतो. मागच्या आषाढीला दुपारी घामाघूम होऊन पडली. तिचं मन न दुखवता काय करता येईल?

उत्तर : एक गोष्ट चटकन लक्षात येते. गोळ्या घेतल्या नाहीत तरी साखर उतरली, म्हणजे आदल्या संध्याकाळच्या गोळीचा असर दुसऱ्या दिवशी चालू असावा. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड या जातीच्या गोळ्या आणि इन्सुलिन यांनी उपाशीपोटी साखर धोकादायक खाली जाते. वयस्कर माणसात, मूत्रपिंड मंदावलेलं असेल तर हा असर जास्त रेंगाळतो. नुसत्या मेटफॉर्मिनने असं सहसा होत नाही. डॅपाग्लिफ्लोझिनसारखी गोळी असेल तर पाणी न पिता केलेला उपवास वेगळ्याच कारणाने धोक्याचा. तेव्हा गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून एकादशीच्या आठ-दहा दिवस आधी डॉक्टरांकडे जा आणि दशमीला रात्री काय घ्यायचं, एकादशीला काय, द्वादशीला पारण्यानंतर काय, हे तीन ओळींत लिहून घ्या. गोळ्या परस्पर बंद करणं आणि परस्पर चालू ठेवणं, दोन्ही चुकीचं. निर्जळी मात्र नाहीच, त्यावर घासाघीस नको.

धर्माच्या बाजूने आईंना उत्तर हवं असेल तर तेही आहे. व्रतांच्या चर्चेत नेहमी सांगितला जाणारा एक जुना श्लोक आठ गोष्टींची यादी देतो, ज्यांनी व्रत मोडत नाही: पाणी, कंदमूळ, फळ, दूध, हविष्य, ब्राह्मणाची इच्छा, गुरूचं वचन आणि औषध. औषध यादीत नाव घेऊन आहे. मुलाने सांगितलं तर ‘तू मला शिकवू नकोस’ होतं. त्या ज्यांचं कीर्तन ऐकतात त्या बुवांकडून किंवा घरच्या गुरुजींकडून हे वदवून घ्या.

ताटात काय आहे तेही बदलायला हवं. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च. त्यात बटाटा पडला की दुपारी साखर उसळते. राजगिऱ्याची भाकरी, दाण्याची आमटी, थोडी भगर, सुरण, काकडी, दही, मूठभर शेंगदाणे असं थोडं थोडं चार वेळा दिलं तर साखर चढउतार कमी करते. भगरीत एक गोम आहे: दमट हवेत तिला बुरशी लागते आणि उपवासाच्या दिवसांत भगरीतून विषबाधा झाल्याच्या बातम्या आपल्याकडे वारंवार येतात. सुटं भगरीचं पीठ आणू नका. तारीख असलेलं बंद पाकीट घ्या, धुवून वापरा, उरलेली शिजवलेली भगर दुसऱ्या दिवसासाठी ठेवू नका.

घाम, हातापायांना कंप, असंबद्ध बोलणं दिसलं की ग्लुकोमीटर लावा. ७० च्या खाली असेल तर तीन छोटे चमचे साखर पाण्यात ढवळून द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा, तरी खाली असेल तर पुन्हा तेवढीच द्या. साखर उपवासाला चालते, त्यामुळे इथे वाद उरत नाही. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नका, थेट १०८ ला फोन करा.

प्रश्न (घोडबंदर रोड, ठाणे) : व्हॉट्सअ‍ॅपवर दर आठवड्याला एक तरी मेसेज येतो: अमक्याच्या ऑपरेशनला सात लाख हवेत, क्यूआर कोड जोडलाय. मन द्रवतं, पण खरं-खोटं कळत नाही. आता तर घरी काम करणाऱ्या ताईंच्या पुतण्यावरच अशी वेळ आली आहे. तो खरा पेशंट आहे. पैसे कसे गोळा करावेत?

उत्तर : गोळा करणं ही शेवटची पायरी. तीच आधी चढल्यामुळे फार कुटुंबं नाहक कर्जात जातात.

पहिली खेप हॉस्पिटलच्या वैद्यकीय समाजसेवकाकडे. त्यांच्याकडून उपचाराच्या खर्चाचं लेखी अंदाजपत्रक घ्या: डॉक्टरांची सही, हॉस्पिटलचा शिक्का, पेशंटचा नोंदणी क्रमांक. पुढचं प्रत्येक दार या एका कागदावर उघडतं किंवा बंद होतं. मग विचारा, हे हॉस्पिटल महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आहे का आणि हा उपचार योजनेच्या यादीत बसतो का. २०२४ पासून ही योजना राज्यातल्या सगळ्या शिधापत्रिकाधारकांना लागू आहे आणि कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण आहे. योजनेतल्या हॉस्पिटलात आरोग्यमित्राचा टेबल असतो. तो सापडत नसेल तर १५५३८८ वर फोन करा. बसत नसेल तर ‘मग जवळच्या कुठल्या हॉस्पिटलात बसतो’ हाही प्रश्न त्याच फोनवर विचारायचा, तो बहुतेक जण विचारत नाहीत.

दुसरं दार धर्मादाय हॉस्पिटलांचं. ट्रस्टने चालवलेल्या मोठ्या हॉस्पिटलांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना निम्म्या दरात ठेवाव्या लागतात. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न १ लाख ८० हजारांपर्यंत असेल तर निर्धन, ३ लाख ६० हजारांपर्यंत असेल तर दुर्बल. तातडीच्या पेशंटला अनामत रक्कम न मागता दाखल करून घेणंही त्यांच्यावर बंधनकारक आहे. ‘खाटा भरल्या आहेत’ असं उत्तर मिळालं तर तेच लेखी मागा आणि धर्मादाय सह आयुक्तांच्या कार्यालयाकडे तक्रार करा. पुष्कळदा लेखी मागितल्यावर खाट निघते.

इथे अडतं ते तहसीलदाराच्या उत्पन्न दाखल्यावर. तो मिळायला दिवस जातात आणि लोक अर्ज करतात डिस्चार्जच्या आदल्या दिवशी. पेशंट दाखल झाला त्याच दिवशी घरातल्या एकाने रेशनकार्ड आणि आधार घेऊन सेतू केंद्र गाठायचं. तुम्हाला ताईंसाठी काही करायचं असेल तर पैशांआधी हे करा. त्या दिवशीची तुमच्या घरची कामं आपली आपण उरका आणि एका शिकलेल्या माणसाला त्यांच्याबरोबर पाठवा.

मुख्यमंत्री सहायता निधी आणि खासगी ट्रस्ट यांचे अर्ज यानंतर, तेच अंदाजपत्रक जोडून. बरेच ट्रस्ट उपचार होऊन गेल्यावरची बिलं घेत नाहीत, तेव्हा उशीर नको. हे सगळं करून जी तूट उरेल तेवढ्यापुरतंच आवाहन करा. सात लाखांचा आकडा सव्वा लाखावर आलेला असू शकतो. मेसेजमध्ये तारीख, तुटीचा आकडा आणि ‘पैसे हॉस्पिटलच्या खात्यातच भरा’ हे लिहा. पेशंटचा आजार आणि फोटो नको. तूट भरली की ‘पुरे झाले’ असा दुसरा मेसेज तितक्याच ठिकाणी गेला पाहिजे, नाहीतर पहिला वर्षभर फिरत राहतो.

अनोळखी मेसेजचं तंत्र सोपं आहे. त्यातला नंबर लावायचा नाही. हॉस्पिटलच्या संकेतस्थळावरून लँडलाइन काढायची आणि नोंदणी क्रमांक सांगून, समाजसेवकांना ‘या पेशंटच्या नावाने हॉस्पिटलात पैसे भरता येतील का’ एवढंच विचारायचं. होय म्हणाले तर तिथेच भरून पावती घ्या. क्यूआर कोड स्कॅन केल्यावर भलत्याच कुणाचं नाव दिसलं तर पुढे जाऊ नका आणि मेसेजही पुढे ढकलू नका. तो ढकलणं म्हणजे न तपासता दिलेली जामीनकीच.

प्रश्न (ऐरोली) : बाबांचं पहिलं वर्षश्राद्ध आहे. दादाला गुरुजींकडून साग्रसंगीत विधी आणि ६० माणसांचं जेवण हवंय. मला आणि धाकट्या बहिणीला तेच पैसे एखाद्या अनाथाश्रमाला द्यावेसे वाटतात. बोलणं बंद व्हायची वेळ आली आहे. देणगीवर आयकरात सूट मिळते म्हणतात, तेही सांगा.

उत्तर : भांडण विधीचं नाही, जेवणावळीचं आहे. तर्पण, पिंडदान, पाच पानं वाढणं हा श्राद्धाचा गाभा. तो दोन तासांत घरी होतो आणि त्याला फार खर्च येत नाही. खर्च ६० पानं, हॉल आणि वाढप्यांवर जातो. दादांचा विधी पूर्ण होऊ द्या, तुम्ही दोघंही दर्भ घालून शेजारी बसा, आणि जेवण घरच्या माणसांपुरतं ठेवा. ‘विधी की दान’ असा प्रश्न दादांपुढे ठेवलात तर ते विधीच म्हणणार, कारण दुसरं काही म्हटलं तर बाबांना कमी केल्यासारखं होतं. ‘विधी तुझा, जेवणाचं आम्हाला ठरवू दे’ असं म्हणून बघा.

आश्रमाला फोन करून आधी विचारा काय हवंय. पितृपक्षात आणि दिवाळीत तिथे गोडधोडाचा पूर येतो, एकाच दिवशी दोन ठिकाणचं श्रीखंड मुलं खातात आणि आजारी पडतात. जूनमध्ये रेनकोट, शाळेचे बूट, मोठ्या मुलींना सॅनिटरी पॅड, महिन्याचं वीजबिल, औषधांचं बिल यांना मात्र दाता मिळत नाही. वापरलेले कपडे द्यायचे तर धुतलेले, बटणं शाबूत असलेले आणि वयानुसार बांधलेले. मुलांबरोबर फोटो काढून टाकायची हौस असेल तर ती आवरा: बाल न्याय कायद्यानुसार अशा संस्थेतल्या मुलाची ओळख उघड होईल असं काही प्रसिद्ध करणं गुन्हा आहे.

सुटीचं असं. जिला सगळे ‘८० जी’ म्हणतात ती सवलत फक्त जुन्या करप्रणालीत मिळते. नवी निवडली असेल तर विषय संपला. २,००० रुपयांपेक्षा जास्त रोख दिलेल्या देणगीला ती मिळत नाही. धान्य, कपडे, जेवण या स्वरूपातल्या दानालाही नाही. बहुतेक धर्मादाय संस्थांच्या बाबतीत देणगीच्या निम्म्या रकमेवर, तेही मर्यादेत, वजावट मिळते. तिघांनी मिळून द्यायचं असेल तर एकाच्या खात्यातून एकत्र भरू नका. ज्याच्या खात्यातून पैसे गेले त्यालाच वजावट मिळते, आणि पुढच्या वर्षी नवीन भांडणाला तेवढं कारण पुरतं. पावतीवर तुमचा पॅन नीट लिहिलाय ना ते बघा. संस्थेने आर्थिक वर्ष संपल्यावर आयकर खात्याकडे विवरण भरून तुम्हाला देणगीचं प्रमाणपत्र द्यायचं असतं. ते आलं नाही तर नुसती पावती चालत नाही, म्हणून जूनमध्ये आठवण करा.

प्रश्न (वाशी) : आजींनी नेत्रदानाचा फॉर्म भरलाय. त्या आता फार थकल्या आहेत. गावाकडची मंडळी म्हणतात डोळे काढले तर पुढच्या जन्मी आंधळी होईल. वेळ आल्यावर नेमकं काय करायचं, तेही कुणाला माहीत नाही.

उत्तर : फॉर्म ही इच्छा. प्रत्यक्षात संमती जवळच्या नातेवाइकांची लागते. म्हणजे त्या घटकेला एक काका ‘नको’ म्हणाले तर नेत्रपेढीची माणसं परत जातात. म्हणून आजी बोलू शकतात तोवरच, सगळे जमलेले असताना त्यांच्याच तोंडून ते पुन्हा वदवा. पुढच्या जन्माबद्दल वाद घालून हाती काही लागत नाही. ‘आजींची शेवटची इच्छा’ हे मात्र गावाकडच्या माणसालाही मोडवत नाही.

वेळ हाच कळीचा मुद्दा. मृत्यूनंतर ६ तासांच्या आत डोळे घ्यावे लागतात. डॉक्टर येऊन मृत्यूचा दाखला देईपर्यंत तास-दोन तास जातात आणि मग कुणाला तरी आठवण होते. जवळच्या नेत्रपेढीचा नंबर आजच फ्रिजवर चिकटवा. त्या वेळी एकाने डॉक्टरांना आणि दुसऱ्याने नेत्रपेढीला एकदमच फोन करायचा. पापण्या हलक्या हाताने मिटवा, त्यांवर स्वच्छ पाण्यात भिजवलेल्या कापसाच्या घड्या ठेवा आणि सुकल्या की पुन्हा ओल्या करा. डोक्याखाली उशी देऊन डोकं थोडं वर ठेवा म्हणजे डोळ्यांत रक्त साकळत नाही. पंखा बंद. वाऱ्याने बुबुळ सुकतं, आणि हीच चूक सर्वांत जास्त होते, कारण माणसं जमली की आधी पंखा लागतो. एसी असेल तर चालू ठेवा. तोंडात तुळशीपत्र, गंगाजळ घालायला हरकत नाही. आंघोळ नेत्रदानानंतर घाला.

पेढीची माणसं घरी येतात. काम वीस-पंचवीस मिनिटांचं असतं, तपासणीसाठी थोडं रक्त घेतात, चेहरा विद्रूप होत नाही, पैसे घेत नाहीत. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं असलं, चष्मा असला, मधुमेह असला तरी चालतं. एचआयव्ही, कावीळ ब आणि क, रेबीज, रक्ताचा कॅन्सर, अंगभर पसरलेला जंतुसंसर्ग असेल तर घेत नाहीत. देहदानही मनात असेल तर नेत्रदान करून देहदान होतं. मात्र शवविच्छेदन झालं असेल तर वैद्यकीय महाविद्यालय देह सहसा स्वीकारत नाही. दोन्हींसाठी वेगळे फोन करावे लागतात.

प्रश्न (कोपरखैरणे) : पोळ्या करायला येणाऱ्या मावशींच्या मुलीला बी. फार्मला प्रवेश मिळतोय. ४०,००० रुपये उसने मागितलेत. आमचे हे म्हणतात, उसने देऊ नकोस, द्यायचे तर सोडून दे.

उत्तर : आधी प्रवेश कुठल्या वाटेने होतोय ते विचारा. २०२४-२५ पासून राज्यात ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना, कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर, व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. एससी-एसटीसाठी वेगळ्या योजना आधीपासून आहेत. अट अशी की प्रवेश शासनाच्या केंद्रीभूत फेरीतून हवा. एजंट मंडळी घाबरवून व्यवस्थापन कोट्यातली जागा गळ्यात मारतात आणि त्या जागेला ही माफी नाही. मुलीला महाडीबीटी या शासनाच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर अर्ज भरून द्या, जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला तयार ठेवायला सांगा. कदाचित ४०,००० लागणारच नाहीत, विकास शुल्क, पुस्तकं आणि पासचे काही हजार लागतील.

ते देताना तुमच्या ह्यांचं निम्मं ऐकावं. मदत की उसने, हे देण्याआधी ठरवा आणि मावशींना स्पष्ट सांगा. मनात मदत आणि तोंडाने उसने असं केलं की सणासुदीला खाडा झाला तरी तुम्हाला ते पैसे आठवतात. उसने असतील तर दर महिन्याला किती कापायचे ते त्यांनीच सांगावं, आणि दोन वह्यांत लिहावं, एक त्यांच्याकडे. फी थेट कॉलेजात भरा, पावती मुलीच्या हातात द्या.

प्रश्न (पाचपाखाडी, ठाणे) : आमचं मंडळ नवरात्रात अष्टमीला रक्तदान शिबिर घेतं. यंदा निम्म्या बायकांना परत पाठवलं. का?

उत्तर : कारण अष्टमीला निम्म्या बायका उपाशी असतात. उपवास चालू असताना रक्त घेऊ नये असं रक्तसंक्रमणाच्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांतच आहे, भोवळ येते. शिवाय हिमोग्लोबिन १२.५ च्या खाली असेल तर घेत नाहीत आणि आपल्याकडे बऱ्याच बायका इथेच अडकतात. वजन किमान ४५ किलो, वय १८ ते ६५, आधीच्या रक्तदानाला पुरुषांसाठी ९० आणि स्त्रियांसाठी १२० दिवस झालेले हवेत. शिबिर दसऱ्यानंतरच्या रविवारी न्या. दिवाळीच्या सुट्टीत रक्ताची चणचण असते, त्यामुळे रक्तपेढीलाही ती तारीख बरी पडेल. येणाऱ्यांना महिनाभर आधी हिमोग्लोबिन तपासून घ्यायला सांगा.